सिस्टरजींचं निरंकशी वैर

त्यांनी माझी मुलाखत घेतली ती माझ्या हातांचा वास घेऊन.

इंदूरला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सांगलीहून येताना दोन बॅगा आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटचा एक डिप्लोमा एवढंच बरोबर होतं. विजय नगरात एका जिमच्या वरच्या मजल्यावर ते ऑफिस होतं. खाली कुणी वजन आदळलं की वर आमच्या टेबलावरचे पेन उडायचे. मालकांना सगळे 'भिया' म्हणत. भियांनी माझी फाइल चाळली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बाकी सिस्टरजी देख लेंगी."

कोपऱ्यातून एक ठेंगण्या, गोलसर बाई उठल्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ. म्हणाल्या, "हात दाखव."

मला वाटलं, भविष्य बघतात. मी डावा पुढे करू की उजवा या विचारात असतानाच त्यांनी माझे दोन्ही पंजे धरून नाकाशी नेले.

"लसूण शेव," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "बसस्टॉपवर खाल्लीस. आणि मग हात जीन्सला पुसलेस."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"खरं बोलून राहिली आहे, भिया. ठेवून घ्या."

अशी मला नोकरी लागली.

सिस्टरजी सरकारी इस्पितळातून मॅट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वडील इंदूरच्या मिलमध्ये कारकून. घरी मराठी, गल्लीत माळवी, वॉर्डात हिंदी, आणि तिन्हींचं मिळून जे झालं ते त्या बोलत. माझ्या सांगलीच्या मराठीची त्यांना फार गंमत वाटे. मी कुणाला 'अहो, जरा ऐकता का' म्हटलं की त्या हळूच म्हणत, "नाटकात काम करून राहिली आहे आमची मुलगी."

हातांचा वास घेणं हे त्यांचं रोजचंच होतं. कुठल्याही दवाखान्यात शिरल्या की स्वागतिकेपासून सर्जनपर्यंत सगळ्यांचे हात त्या हुंगत. मोठमोठे डॉक्टर, ज्यांच्या केबिनबाहेर लोक तासन् तास बसतात, ते सिस्टरजींसमोर दोन्ही हात पुढे करून शाळेतल्या पोरांसारखे उभे राहत. वासावरून त्यांना कळे, की हात धुतले आहेत, की नुसतं जंतुनाशक चोळलं आहे, की मघाशी कचोरी झाली आहे. त्यानंतर त्या एखाद्या रिकाम्या खाटेवर बुटांसकट आडव्या होत, उशाची घंटी दाबत आणि छातीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहत. कुणी किती वेळात येतं ते मोजायचं. एका दवाखान्यात कुणी आलंच नाही. आमच्या अहवालात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : 'झोप चांगली लागली.'

आमचं काम काय, तर छोट्या नर्सिंग होमना सरकारच्या गुणवत्तेच्या नियमांसाठी तयार करायचं. आधी हे फार सोपं होतं. वर्षातून एकदा एक फॉर्म यायचा, तो भरायचा, सही ठोकायची. मग नियम बदलले. आता दर महिन्याला पोर्टलवर कळवायचं : किती रुग्ण पडले, किती जणांना चुकीचं औषध गेलं, किती ऑपरेशनच्या जखमा चिघळल्या. प्रत्येक घटनेखाली तीन रकाने. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. आणि मग कधीही, न सांगता, अधिकारी येऊन दवाखान्यातल्या घटनांच्या वहीशी ताडून बघणार. ज्याचं जुळणार नाही त्याचं नाव सरकारी योजनेच्या यादीतून बाद. छोट्या नर्सिंग होमचे निम्म्याहून जास्त रुग्ण त्या योजनेतले. म्हणजे यादीतून नाव गेलं की कुलूपच लावायचं.

डॉक्टर लोक हवालदिल झाले होते. आमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. आणि पोर्टल तर दुपारी हमखास बंद पडे. सिस्टरजी पडद्याकडे बघून शांतपणे म्हणत, "जेवायला गेला असेल. आपणही जेवून घेऊ."

त्यांना चीड होती ती एकाच शब्दाची. निरंक. सरकारी कागदात 'सांगण्यासारखं काही नाही' याला निरंक म्हणतात. हा शब्द दिसला की सिस्टरजींचं नाक लाल होई. "ज्या दवाखान्यात काहीच चुकत नाही," त्या म्हणत, "तिथे एक तर पेशंट नाही, नाही तर लिहिणारा नाही."

सियागंजच्या मागच्या गल्लीत वीस खाटांचं एक नर्सिंग होम होतं. समोर मिरच्यांची घाऊक दुकानं, त्यामुळे बाहेरचे रुग्ण शिंकतच आत यायचे. डॉक्टर साठीचे, उंच, हाताला यश असलेले सर्जन. इंदुरी मराठी, पण ताठ. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी घटनांची वही अभिमानानं उघडून दाखवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक तारखेसमोर निरंक. आणि तेही हातानं लिहिलेलं नाही. त्यांनी रबरी शिक्का करून घेतला होता.

सिस्टरजी त्या शिक्क्याकडे बघतच राहिल्या. मग तो उचलून त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकला.

"अहो, हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, मला भरती करा."

"काय झालंय तुम्हाला?"

"गुडघा दुखतो. एक दिवस भरती करा, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. स्टाफला काही सांगायचं नाही. दिवसात काही चुकलं नाही तर तुमचा शिक्का तुम्हाला देईन आणि माफी मागेन. तीन गोष्टी चुकल्या तर त्या तुम्ही स्वतःच्या हातानं या वहीत लिहायच्या."

डॉक्टर हसले. "तीन? सिस्टरजी, माझ्या दवाखान्यात तुम्हाला एक सापडली तरी मी लिहीन."

"तीन," सिस्टरजी म्हणाल्या. "मला लोभ नाही."

दोन दिवसांनी आम्ही भरती झालो. म्हणजे त्या झाल्या, मी भाची म्हणून बरोबर. त्यांनी फुलांची साडी नेसली होती, घड्याळ पर्समध्ये ठेवलं होतं आणि त्या इतक्या सुंदर लंगडत होत्या की रिक्षावाल्यानं हात धरून त्यांना उतरवलं.

पहिली गोष्ट सव्वाआठलाच मिळाली. मनगटावर जी पट्टी बांधली तिच्यावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं. वय चौतीस. सिस्टरजींनी ती निरखून पाहिली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "नाव बदलून घेऊ. वय राहू दे."

मग बराच वेळ काही घडेना. अकरा वाजले, बारा वाजले. जेवण वेळेवर आलं, गरम होतं. घंटी दाबली की माणूस येत होतं. मला तर डॉक्टरांची बाजू पटायला लागली. सिस्टरजी अस्वस्थ होऊन कुशी बदलत होत्या. मला म्हणाल्या, "जा, पाणी भरून आण." मी बाटली घेऊन व्हरांड्यात गेले. फरशी नुकतीच पुसलेली, पाटी नाही, काही नाही. माझे दोन्ही पाय वर आणि मी खाली, पाठीवर, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

ज्यांचा गुडघा दुखत होता त्या बाई धावत आल्या. मला वाटलं, उचलायला आल्या. त्यांनी आधी पर्समधून घड्याळ काढलं.

"बारा वाजून चाळीस मिनिटं. शाब्बास!" मग वाकून म्हणाल्या, "लागलं का गं?"

तिसरी गोष्ट मात्र गमतीची नव्हती. चारच्या सुमारास एक तरुण नर्स ट्रे घेऊन आली. बावीस-तेवीसची असेल, धार जिल्ह्याकडची. सकाळपासून एकटी सगळा वॉर्ड सांभाळत होती. एका कागदी वाटीत दोन गोळ्या पुढे करून म्हणाली, "आंटीजी, दवाई ले लो."

सिस्टरजींनी वाटी हातात घेतली. "मेरा नाम क्या है, बेटा?"

"आंटीजी," ती म्हणाली.

"आंटीजी तो इस वार्ड में छह हैं."

नर्सनं पट्टी बघितली. मग हातातला कागद बघितला. मग तिचा चेहरा उतरला. त्या गोळ्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईंच्या होत्या, रक्तदाबाच्या. आणि सिस्टरजींसाठी ठेवलेली वेदनाशामक गोळी मघाशीच पलीकडच्या बाईंनी घेतली होती. त्या बाईंना काही झालं नाही. उलट त्या म्हणाल्या की आज कंबर बरी वाटते. पण ती पोरगी भिंतीला टेकली आणि रडायला लागली. "मेरा नाम मत लिखना, आंटीजी. डॉक्टर साब निकाल देंगे."

सिस्टरजी खाटेवरून उतरल्या, लंगडायचं विसरून गेल्या, आणि तिला चादरींच्या खोलीत घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. तिथल्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही त्यांनी ते परत काढलं नाही.

त्या नर्स म्हणून नव्यानं लागल्या होत्या तेव्हा त्यांच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन बाया होत्या. भर दुपारी त्यांनी एकीचं इंजेक्शन दुसरीला दिलं. ती बाई दिवसभर तळमळली, पण वाचली. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर फार मायाळू होत्या. त्यांनी नव्या पोरीला जवळ घेतलं, रडू नकोस म्हणाल्या आणि वहीत निरंक लिहून टाकलं.

"बहुत अच्छी थीं," सिस्टरजी त्या नर्सला म्हणाल्या. "मैं बच गई. दोनों खटिया वहीं की वहीं रहीं. पंधरा दिन बाद दूसरी लड़की की ड्यूटी थी. उसने भी वही किया. वो बाई नहीं बची."

बाहेर मिरच्यांच्या दुकानातून कोणाच्या तरी शिंका ऐकू येत होत्या.

"मेरा लिखा होता तो खटिया अलग कर देते ना?" त्या म्हणाल्या. मग पदरानं त्या पोरीचं नाक पुसलं. "तेरा नाम नहीं लिखेंगे. जो हुआ वो लिखेंगे. चल."

सहा वाजता डॉक्टर आले. सिस्टरजींनी वही आणि पेन पुढे ठेवलं. डॉक्टरांनी आधी वाद घातला. पट्टीचं प्रिंटर जुनं आहे, तुमची भाची बघून चालत नाही, नर्स नवीन आहे. सिस्टरजी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पैज हरायची की पेशंट गमवायचा, ते तुम्हीच ठरवा."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले. तिसरी घटना लिहिताना ते थांबले. पलीकडच्या बाई आपल्याच पेशंट आहेत, रक्तदाबाच्या, आणि त्यांना त्यांची गोळी मिळालीच नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते उठले आणि आधी त्या बाईंना बघून आले. परत आल्यावर त्यांचा आवाज बदललेला होता. "हे का झालं याच्या रकान्यात काय लिहू?"

"एक नर्स, वीस खाटा," सिस्टरजी म्हणाल्या. "आणि सगळ्या आंटीजी."

त्या महिन्यात त्या नर्सिंग होमनं पोर्टलवर अकरा घटना चढवल्या. बटण दाबताना डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते.

आणि बरोबर पुढच्या महिन्यात अधिकारी आले. दोघं. मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबर टॅब घेतलेल्या एक तरुण मॅडम. डॉक्टरांनी आम्हाला तातडीनं बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा साहेब पडदा बघून म्हणत होते, "आसपास सब जगह शून्य है, डॉक्टर साहब. आपके यहाँ ग्यारह. अस्पताल चला रहे हो या क्या कर रहे हो?"

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी सिस्टरजींकडे असं पाहिलं, जणू तो शिक्का या बाईंच्या पर्समधून आत्ताच्या आत्ता काढून घ्यावा. मलाही वाटलं, संपलं. वीस खाटांचं नर्सिंग होम आमच्या पैजेपायी बंद पडणार.

सिस्टरजी म्हणाल्या, "साहब, मुझसे मत पूछो. वार्ड में पूछ लो."

सगळे वॉर्डात गेले. तीच नर्स ड्यूटीवर होती, आता जोडीला आणखी एक होती. साहेबांनी तिला विचारलं, गोळ्यांच्या घटनेनंतर काय बदललं. ती इतकी घाबरली होती की तिला शब्द सुटेना. साहेब पलीकडच्या खाटेवरच्या एका माळवी आजींकडे वळले आणि काही विचारण्यासाठी तोंड उघडलं.

आजींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "फिर से नाम बतऊँ कंई?" त्या कडाडल्या. "सबेरे से चार बार बतई दियो! गोली दो तो नाम, सुई दो तो नाम, चाय दो तो नाम! म्हारा आदमी ने चालीस बरस में म्हारो नाम नी लियो, इत्ती बार तो याँ के लोग लई लियो!"

टॅबवाल्या मॅडम भिंतीकडे तोंड करून हसल्या. साहेबांनी हसू दाबलं आणि वहीवर सही केली. जाताना त्या मॅडमनी सिस्टरजींना हळूच विचारलं, की शून्यवाल्या जागी गेल्यावर सुरुवात कुठून करायची. सिस्टरजींनी त्यांना कोपऱ्यात नेऊन दहा मिनिटं काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, त्या मॅडम आता लोकांचे हात हुंगतात.

सिस्टरजींचा एकूणच कुणावर विश्वास नसे, स्वतःवर सुद्धा नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बरोबर होते. ऑपरेशन डाव्या डोळ्याचं. थिएटरमध्ये नेण्याआधी त्यांनी माझ्याकडून बॉलपेन मागून घेतलं आणि आरशात बघून उजव्या भुवईवर ठळक अक्षरांत लिहिलं : 'हा नाही'. आरशात बघून लिहिल्यामुळे ते वाकडं आलं. म्हणून पुसून माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. तिथली स्टाफनर्स दुखावली. "हमारे यहाँ ऐसी गलती नहीं होती, माताजी." सिस्टरजी म्हणाल्या, "मेरे यहाँ भी नहीं होती थी, बेटा." आणि तशाच आत गेल्या.

सियागंजची बातमी इंदुरात पसरायला वेळ लागला नाही. डॉक्टरांचे फोन पुन्हा सुरू झाले, पण आता भलतीच मागणी. शून्य लिहिलं की आता तपासणी होते, तर आम्हाला थोड्या घटना द्या. भियांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं. सिस्टरजी बाहेर गेल्या होत्या. "देखो, नौ नर्सिंग होम हैं," ते म्हणाले. "हरेक में तीन-तीन घटना डाल दो. छोटी-छोटी. कोई मरे नहीं."

मी नाही म्हटलं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. खरं हे आहे की मला ते काम आवडलं. शाळेत निबंधाला माझं बक्षीस ठरलेलं असायचं. मी दार लावून बसले आणि सत्तावीस घटना रचल्या. कुणाचा चष्मा हरवला म्हणून तो ठेचकाळला, कुणी आंघोळीहून येताना घसरलं, एक आजोबा नातवाला बघायच्या घाईत जिन्यावरून उतरताना दोन पायऱ्या चुकले. आजोबांचा नातू, त्याच्या हातातला फुगा, सगळं लिहिलं. का झालं याचा रकाना तर मी अशा भाषेत भरला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. भिया म्हणाले, "क्या लिखती हो यार!" मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी सिस्टरजी महूच्या रस्त्यावरच्या एका नर्सिंग होममध्ये गेल्या. मी नव्हते, पण तिथल्या मॅनेजरनं नंतर मला सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडली, आजोबांची घटना वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "जीना दिखाओ."

मॅनेजर म्हणाला, "जीना तो नहीं है, मॅडम. अपना तो ग्राउंड फ्लोर ही है."

"वह्या खोटं बोलतात का कधी?" सिस्टरजी म्हणाल्या. "कहीं होगा. ढूँढो."

आणि त्यांनी खरोखर त्याला शोधायला लावलं. त्यांनी कपाटं उघडायला लावली, संडासाच्या मागे बघायला लावलं, औषधांची खोली रिकामी करायला लावली. चालताना त्या घाबरलेल्या आवाजात म्हणत होत्या, "बुजुर्ग आदमी गिरा है, भाई. ज़ीना तो मिलना चाहिए." अर्ध्या तासानं मॅनेजरनं हात जोडले.

त्या ऑफिसात परत आल्या तेव्हा मी डबा खात होते. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत.

"जिना कुठे आहे?"

भिया केबिनमधून बाहेर आले. "सिस्टरजी, काय को धंधा खराब कर रिये हो? सब करते हैं."

त्यांनी भियांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "फुगा कोणत्या रंगाचा होता?"

"लाल," मी म्हणाले आणि मला रडू आलं. त्या चादरींच्या खोलीत मी स्वतः बसले होते. सगळं ऐकलं होतं. तरीसुद्धा लिहिलं होतं.

"सत्तावीस ना?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोज माझ्याबरोबर यायचं. जितक्या खोट्या लिहिल्यास तितक्या खऱ्या शोधायच्या. तू शोधायच्या, मी नुसती बसेन."

भिया म्हणाले, मग उद्यापासून दोघींनीही ऑफिसला यायची गरज नाही. सिस्टरजी म्हणाल्या, "हौ, ऑफिसला नाहीच येणार. दवाखान्यात जाणार."

पहिला दिवस त्याच जिना नसलेल्या नर्सिंग होममध्ये. त्या वॉर्डातल्या खुर्चीत बसल्या आणि विणकाम काढलं. मी सकाळपासून फिरत होते आणि मला काही दिसत नव्हतं. सगळं ठाकठीक वाटत होतं. दुपारी देवासकडचे एक निवृत्त मास्तर दम लागलेल्या अवस्थेत आले. नर्सनं त्यांना खाटेवर घेतलं, नळी लावली, ऑक्सिजनचं सिलिंडर ओढलं आणि मग थांबली. सिलिंडर उघडायची चावी जागेवर नव्हती. चावी एकच, ती अटेंडंटच्या खिशात, आणि अटेंडंट चहाला.

मास्तरांचे ओठ निळे पडायला लागले. नर्स खोल्याखोल्यांतून हाका मारत होती. मी सिस्टरजींकडे पाहिलं. त्या उठून मास्तरांपाशी गेल्या होत्या, त्यांना पुढे वाकवून बसवत होत्या, आणि मला नुसतं दाराकडे बोट दाखवत होत्या.

मी धावले. उन्हात, रस्ता ओलांडून, ट्रकच्या समोरून. टपरीवर चार माणसं चहा पीत होती, त्यांतला आमचा कोण ते मला माहीत नव्हतं. मी ओरडले, "चाबी किसके पास है?" आणि चौघांनीही खिशात हात घातले. बरोबर माणसाकडून चावी हिसकावून मी परत धावले.

थोड्या वेळानं मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी मास्क बाजूला करून मला विचारलं, "बेटा, तू नर्स है?"

"नहीं."

"डॉक्टर?"

"नहीं."

"तो इतना दौड़ी क्यों?"

सिस्टरजींनी विणकाम पुन्हा हातात घेतलं होतं. म्हणाल्या, "मास्टरजी, इसने पिछले महीने यहाँ के जीने से एक बुजुर्ग को गिराया था."

मास्तरांनी डोळे बारीक करून सगळीकडे पाहिलं. "पर बाई, यहाँ जीना है कहाँ?"

त्या दिवशी वही मी लिहिली. पहिल्या मसुद्यात ऊन होतं, ट्रक होता, निळे ओठ होते. सिस्टरजींनी पेन घेऊन एकेक खोडलं. राहिली ती एवढीच ओळ : चावी एक होती आणि ती खिशात होती. खालच्या रकान्यात मी लिहिलं : प्रत्येक सिलिंडरला साखळीनं बांधलेली चावी. मॅनेजरनं विचारलं, "ये पोर्टल पे थोड़ी डालेंगे?" सिस्टरजी टाके मोजत होत्या. मग मीच म्हणाले, "डालेंगे." आणि आधी आजोबा, फुगा आणि जिना मॅनेजरच्या देखत खोडून खाली सही केली.

सत्तावीस पूर्ण करायला आम्हाला दीड महिना लागला. त्यानंतर तीन नर्सिंग होमनी भियांकडून काम काढून घेतलं आणि सहांनी सिस्टरजीच हव्यात म्हणून हट्ट धरला. भियांनी त्यांना परत बोलावलं. त्या आल्या, सगळ्यांचे हात हुंगले, आणि वर्षभर राहिल्या. मी मात्र परत गेले नाही. सियागंजच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे ठेवून घेतलं. आता तिथली वही माझ्याकडे असते.

सिस्टरजी सध्या महूला बहिणीकडे राहतात. ज्या दिवशी मी महिन्याची माहिती पोर्टलवर चढवते, त्या दिवशी त्यांचा फोन येतो. कशी आहेस वगैरे काही नाही. नुसतं, "किती?"

आकडा कमी असला तर त्या विचारतात, "वॉर्डात बसली होतीस ना?"

मागच्या महिन्यात मी घाबरत घाबरत सांगितलं, "चौदा."

"चौदा!" पलीकडून त्या एवढ्या खूश होऊन म्हणाल्या की त्यांच्या बहिणीनं मागून विचारलं, कोण बाळंत झालं. "वा! सुधारून राहिला आहे तुझा दवाखाना."